दाराकडच्या ट्रॉलीतले कप

सोमवारची सकाळ होती. चिनी मातीच्या कपांच्या कारखान्यात, बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त, म्हणून ती भिंतीला टेकून उभी होती. मुख्य कचेरीतून पाहुणे आले होते. तिच्या साहेबांनी पडद्यावर पहिलं चित्र लावलं आणि ती भिंतीपासून पुढे सरकली.

ते चित्र तिनं काढलेलं होतं. भट्टी, भट्टीतून निघालेल्या कपांच्या ट्रॉल्या, माल बाहेर जाण्याचं दार आणि दारातून आत घुसणाऱ्या वाऱ्याचे निळे बाण. बाण तिचे, तो निळा रंगही तिचा! कोपऱ्यातलं नाव मात्र साहेबांचं होतं.

"गरम कपांना गार वारा लागला की डोळ्यांना न दिसणारा तडा जातो," साहेब सांगत होते. "मी दारावर जाड ताडपत्री लावून पाहिली. फुटके कप निम्म्यावर आले!"

टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवायला तिचे हात उठलेच नाहीत.

ती पॅकिंग विभागाची पर्यवेक्षक. आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार कॉलेज, असं तिनं दोन वर्षं रेटलं होतं. नोकरदारांसाठीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, विषय नवोपक्रम व्यवस्थापन. म्हणजे कामाच्या जागी नवी कल्पना कशी हेरावी, कशी पारखावी, कशी रुजवावी. "आधी आपला गळका नळ हेर," असं नवरा चिडवायचा, पण रविवारचा स्वयंपाक त्यानं न सांगता अंगावर घेतला होता. ताडपत्री हाच तिचा शेवटचा प्रकल्प. येत्या शनिवारी तो मांडायचा होता. चुका काढून द्या म्हणून तिनंच कच्ची प्रत साहेबांच्या हाती दिली होती. "अगं, तू मला धाकट्या बहिणीसारखी!" म्हणत त्यांनी ती घेतली होती.

बैठक उठल्यावर ती त्यांच्या टेबलापाशी गेली. "साहेब, ते काम माझं होतं."

"कारखान्यातलं काम सगळ्यांचंच असतं गं. तुला काय, पदवी मिळणारच आहे. एवढं मनाला लावून घेऊ नये."

पण पदवीच आता लटकली होती. दुसऱ्याच्या नावानं आधी मांडलेला प्रकल्प कॉलेजात बाद होत असे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कॉलेजात मार्गदर्शक मॅडमपुढे बसली. डोळे भरलेले, आवाज चढलेला. "भाऊ म्हणवून घेतलं मॅडम, आणि घरात शिरून चोरी केली!"

मॅडमनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "मी तुमच्या बाजूनं पत्र देते. मला क्रमानं सांगा. दाराकडचे कप तडकतात, हे तुम्हाला कळलं कसं?"

"आमच्या पॅकिंगच्या मावशी आहेत. त्या प्रत्येक कप खोक्यात ठेवण्याआधी नखानं वाजवतात. एकदा म्हणाल्या, 'दाराकडच्या ट्रॉलीतले कप बद्द वाजतात बघा. वारा बाधतो त्यांना. तिथं काहीतरी आडोसा करा.'"

बोलता बोलता तिनं उचललेला पेला तसाच खाली ठेवला.

मॅडमनी तिचा अहवाल उघडला. बरीच पानं उलटली. "मावशी इथं कुठं आहेत?"

"चौदाव्या पानावर... 'काही कामगारांच्या निरीक्षणानुसार'..."

"काही कामगार!" मॅडम हलकेच म्हणाल्या.

"पण मॅडम, दोन महिने रोज कप मी मोजले! आडोसा करा म्हणणं सोपं असतं. सिद्ध कुणी केलं?"

"तुम्ही केलंत. ते कष्ट तुमचेच, कुणी नाकारू नये. साहेबांनी ते नाकारले म्हणून तुम्ही इथं रडताय. मग मावशींनी कुणापुढे जाऊन रडायचं?"

तिनं अहवाल आपल्याकडे ओढला. कालपासून छातीत सलणारा काटा तोच होता, पण आता तो तिच्या हातून दुसऱ्याच्या छातीत रुतलेला दिसत होता!

सकाळी मावशी खोक्यांत कागदाची कात्रणं भरत होत्या. ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली. "मावशी, तुमचं बोलणं मी माझं म्हणून लिहिलं. चुकलं माझं."

मावशींचे हात थांबले नाहीत. "मला ठाऊक होतं की. ताडपत्री लागली त्या दिवशी सगळे तुम्हाला शाबास म्हणत होते. मीही म्हणाले. घरी जाऊन सुनेला सांगितलं, की हे मी सुचवलेलं, तर ती म्हणाली, 'तुमचं कोण ऐकतंय सासूबाई!' तेव्हा फार लागलं. तुम्ही रोज जवळ बसून डबा खाता, म्हणून जास्तच लागलं."

"मी ते पान बदलते."

"बदला. मी काय नको म्हणणार आहे?" मावशी म्हणाल्या. त्या हसल्या मात्र नाहीत.

तिनं पहिलं पान नव्यानं लिहिलं. कारण ओळखलं आणि उपाय सुचवला मावशींनी, पूर्ण नावानिशी. मोजमाप आणि मांडणी तिची. ते पान घेऊन ती साहेबांकडे गेली.

साहेबांनी दोनदा वाचलं. "आणि मी?"

"ताडपत्री लावायची परवानगी तुम्ही दिलीत. तेवढं शेवटी लिहिलंय, साहेब."

साहेबांचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून ते तिला बहीण म्हणत नाहीत. कॉलेजनं चौकशी लावली आणि शनिवारचं सादरीकरण सहा महिने पुढे ढकललं. नवरा म्हणाला, "म्हणजे आणखी सहा महिने पोळ्या माझ्याकडे!" ती बऱ्याच दिवसांनी हसली.

वाचकहो, वरच्यानं आपलं हिरावलं की आपण आकांत करतो, आणि खालच्याचं आपण उचललं की त्यालाच अभ्यास म्हणतो. आपल्या कचेरीत, आपल्या घरात, ज्यांचं शहाणपण आपण 'काही कामगार' म्हणून गुंडाळलं, त्यांची नावं आधी लिहू या. शिकलेल्या माणसाचं ते पहिलं कर्तव्य आहे.

महिन्याभरानं मावशींनी तिला हाक मारली. "कपांना झिलई देतो ना, त्या टाकीबद्दल मला एक सुचलंय."

"सांगा ना मावशी!"

"असं नाही. वही घेऊन या. मी सांगेन तसं, माझ्यासमोर लिहा."