थर तडकू नये म्हणून

"आत्या, तुम्ही बनवलेली एक तरी वस्तू दुकानात मिळती का?"

विचारलं! चांगलं मोठ्यानं विचारलं. आम्हा तिघी मैत्रिणींत पैज इरमनंच लावली होती, आणि आता माझी ओढणी मागून ओढत होती तीच. स्नेहल तर खिदळत उंबऱ्याबाहेर पळाली.

अनुजाआत्या म्हणजे आमच्या शेजारच्या शालूआजींची लेक. आमच्या कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढली, कोल्हापुरात शिकली आणि बेंगळूरला सेमीकंडक्टरची संशोधक झाली. मोबाइलमधल्या चिप कशाच्या बनवायच्या, हे शोधणारी. सुट्टीला आईकडे आली होती, म्हणून आम्ही आजींच्या स्वयंपाकघरात जमलो होतो. पैज इरमची असली तरी प्रश्न माझाही होता. सोमवारी पप्पा डॉक्टरकीच्या क्लासला माझं नाव घालणार होते. मला आवडायचं फिजिक्स. पण 'त्याचं पुढं काय हुतंय?' असं घरी विचारलं की मी पुस्तक मिटून टाकायची.

"न्हाय मिळत," आत्या म्हणाली. "एक पण न्हाय."

"अगं, हिचा पराक्रम मी सांगते!" कांदा चिरता चिरता आजी ओरडल्या. "नोकरीतली पहिली खंडेनवमी. आपण मागाला लावतो, तसं हिनं तिथल्या भट्टीला हळदकुंकू लावलं! जिथं धुळीचा कण चालत न्हाय तिथं! सायेब असा बोंबलला म्हणतीस!"

"आई, पुरे की!" आत्या हसून हसून लाल झाली. "चिमूटभर कुंकू गं. पण चिपला ते डोंगराएवढं."

मग ती सांगत गेली. खोलीत पिवळाधमक उजेड. सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, दिसतात फक्त डोळे. भट्टीत वायू सोडायचे आणि सिलिकॉनच्या चकतीवर दुसऱ्या पदार्थाचे अणू येऊन बसतात, थरावर थर. मला ते दिसायलाच लागलं. दुपारी आमच्या मागांच्या शेडमधल्या कवडशात कापसाचे तंतू तरंगतात ना, तसे. पण हे तंतू आपापली जागा ओळखणारे. एक खाली उतरतो, शेजारी दुसरा, कुणी कुणाला ढकलत नाही, कसला आवाज नाही. मी पण तरंगत होते बहुतेक, कारण इरमनं चिमटा काढला.

"मग बिघडतं कुठं?" मी विचारलं.

"थंड होताना. चकती आणि थर सारखे आकसत न्हाईत. गरम असताना आरसा, बाहेर काढला की भेगाच भेगा. तो थर तडकू नये, एवढंच मी आयुष्यभर करत बसले."

"जमलं?" इरमनं विचारलं.

"जमत आलतं. तेवढ्यात परदेशातल्या लोकांनी आधी करून दाखवलं. आमचं काम बंद केलं."

आजींची सुरी थांबली. "कधी?"

"गेल्या महिन्यात."

"आणि मला आत्ता सांगतीस व्हय?"

मला वाटलं, जमिनीनं मला गिळावं. तरी तोंडातून निघालंच, "रडलात?"

"व्हय की. जेवण पण जाईना. मग एकदा चिडून त्यांचा लेख उघडला." ती पुढं सरकली. "काय सुंदर केलतं गं! चकती आणि थराच्या मध्ये आणखी एक थर. खाली चकतीच्या स्वभावाचा, वर वर जाईल तसा वरच्या थराच्या. मला कसं सुचलं न्हाय!"

तिनं तळव्यावर तळवा धरला, मध्ये कागदाएवढी फट. डोळे असे लकाकत होते, जणू ते तिनंच केलंय. आजी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "कांदा लई झोंबतोय."

मी घरी पळाले. शेडमध्ये पप्पा मागापाशी होते, मम्मी कांड्यांवर सूत भरत होती.

"पप्पा, माग बंद करा!"

"का गं? धागा तुटला?"

"न्हाय. बोलायचंय."

एकेक माग थांबत गेला. एवढी शांतता त्या शेडमध्ये मी कधी ऐकली नव्हती.

"मी डॉक्टरकीच्या क्लासला जाणार न्हाय. मी फिजिक्स शिकणार," मी म्हणाले. "त्यातनं दुकानात ठेवण्यासारखं काय न्हाय झालं, तरी पण."