वाघाचं ब्लँकेट

रविवारची प्रार्थना संपली तरी हेर्लिंदा, सगळ्यांची 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब, घरी जाऊ शकत नव्हती, कारण तिची परीक्षा व्हायची होती. वयाच्या सत्तराव्या वर्षी, चर्चच्या आवारात, सगळ्या ओळखीपाळखीच्या लोकांसमोर! तिची लेक नोएमी उद्यापासून पुन्हा कामावर जाणार होती. तीन महिन्यांच्या रेनाताला रोज आजीनं गाडीतून आपल्या घरी न्यायचं की पाळणाघरात ठेवायचं, हे आज ठरायचं होतं. गाडीतल्या बाळखुर्चीचा पट्टा आजीला नीट बांधता आला तरच बाळ आजीकडे.

"पाच पोरं वाढवली मी," हेर्लिंदा फणकारली. "तेव्हा कुठे होते तुमचे पट्टे?"

"देवाची कृपा म्हणून पाची राहिली, दोन्या," बाल्देमार म्हणाला. अग्निशमन दलातून निवृत्त झालेला हा गृहस्थ महिन्यातून एकदा इथे उभा राहून लोकांच्या गाड्या फुकट तपासायचा. शहाणपणही फुकटच वाटायचा.

हेर्लिंदानं पिशवीतून ब्लँकेट काढलं. जाडजूड, मऊ, मधोमध वाघाचं भलंमोठं तोंड. तिच्या नवऱ्यानं, तेलोनं, लग्नाच्या आठवड्यात सीमेवरच्या पुलापलीकडून, मेक्सिकोतल्या रेनोसाच्या बाजारातून आणलेलं. दर उन्हाळ्यात टेक्सासहून मिशिगनला चेरी तोडायला जाताना पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात हा वाघ अंथरलेला असायचा आणि त्यावर पोरं लोळायची. वाघाच्या तोंडावर कोण झोपणार यावरून हाणामाऱ्या व्हायच्या. मैलभर गेलं की तेलो मागच्या काचेवर दोनदा टकटक करायचा, म्हणजे 'आहात ना रे सगळे?' मागून पोरं दोनदा टकटक करायची. आज सांगितलं तर लोक वेड्यात काढतील, पण सुख ते तेच होतं. तेलोला जाऊन सहा वर्षं झाली, तरी काचेवर काही वाजलं की हेर्लिंदाचा हात आपोआप उचलला जायचा.

आणि याच वाघानं नोएमीला वाचवलं होतं! घरात प्रत्येक वाढदिवसाला मक्याच्या पिठाचे तामालेस खाताना ही गोष्ट निघायचीच. रस्त्यात गाय आडवी आली, तेलोनं करकचून ब्रेक दाबला, त्या दिवशी तीन वर्षांची नोएमी पुढे आईच्या मांडीवर वाघात गुंडाळलेली. फक्त हनुवटीला खोक पडली.

हेर्लिंदानं रेनाताला वाघात गुंडाळलं, खुर्चीत ठेवलं, पट्टे लावले, ओढले. मग लेकीकडे ऐटीत पाहिलं.

 बाल्देमारनं पट्टा सोडला, ब्लँकेट काढून घेतलं, बाळाला परत ठेवलं आणि पट्टा होता तेवढाच ठेवून लावला. पट्टा बाळाच्या छातीवर लोंबकळू लागला. बाल्देमारची अख्खी मूठ आत गेली.

"धक्का बसला की ब्लँकेट दबतं, दोन्या. एवढी जागा होते. बाळ निसटतं, पट्ट्यात ब्लँकेट उरतं."

हेर्लिंदा त्या मुठीकडे बघतच राहिली.

"आई, रुसू नकोस गं," नोएमी म्हणाली. "वाघावर कोण रागावलंय? त्यानंच तर मला वाचवलं."

"नाही वाचवलं."

"काय?"

"घट्ट धरलं होतं गं तुला. जीव खाऊन धरलं होतं." हेर्लिंदाचा आवाज चिरकला. "गाडी थांबली, पाहिलं तर हातात वाघ होता. नुसता वाघ. तू खाली पडली होतीस, रक्तानं माखलेली. तुझे पापा मला म्हणाले, वाघानं वाचवलं म्हणू या. नाहीतर तू परत पोरांना उचलून घेणार नाहीस."

नोएमीचा हात हनुवटीवर गेला.

हेर्लिंदा खाली वाकली. तिनं पट्टा ओढला, चिमटीत धरता येईना इतका. दोनदा तपासला. जानेवारीचं वारं बोचत होतं, म्हणून मग पट्ट्यांच्या वरून, नुसता पायांवर, वाघ पांघरला. रेनातानं त्याचा कान तोंडात घातला.

"उद्या सातला ये," नोएमी डोळे पुसत म्हणाली. "उशीर केलास तर बघ."

हेर्लिंदा मागे बाळाशेजारी बसली आणि न सांगता तिनं स्वतःचाही पट्टा लावला. पुढे नोएमीनं गाडी सुरू केली, पण सोडली नाही. तिनं आपल्या बाजूच्या काचेवर दोनदा टकटक केली आणि वाट बघत बसली.

हेर्लिंदानं मागून दोनदा टकटक केली. मग गाडी निघाली.