पोळ्यांची कटकट

सुहासिनीताईंनी स्टेशन बदलायला रेडिओकडे हात नेला आणि ललिताच्या पोळीला भोक पडलं. तिच्या हातून असं कधी होत नसे.

"बदला ते आधी," लाटणं आपटत विमलाबाई म्हणाल्या. "आमच्याच पोटावर पाय द्यायला निघालीय भवानी. लाज नाय वाटत?"

सुहासिनीताईंच्या कोथरूडच्या पोळीभाजी केंद्रात दुपारभर ललिता, विमलाबाई आणि वेणूबाई पोळ्या लाटत आणि संध्याकाळी हिंजवडीहून परतणारी मंडळी त्या घरी नेत. रेडिओ सतत चालू. त्यावर आठवडाभर पोळ्या करायच्या यंत्राची जाहिरात लागत होती. 'आई, आता पोळ्या लाटायची कटकट बंद!' असं एक मुलगी लाडात येऊन म्हणे. हे ऐकवायला कंपनीला दुसरं कोणी मिळालंच नव्हतं जणू!

पहिल्याच दिवशी विमलाबाईंनी त्या मुलीचा असा उद्धार केला, की ललिताच्या ओठांवर आलेलं वाक्य ओठांवरच राहिलं. ती मुलगी म्हणजे तिची दीक्षा. स्टुडिओचे उंबरे झिजवून, 'आधी उच्चार सुधारा' हे गुमान ऐकून घेऊन, रोज पहाटे मोठ्यानं पेपर वाचून लेकीनं ही पहिली जाहिरात मिळवली होती. ती लागली की ललिताचा ऊर भरून येई, डोळेही भरत. पीठ गेलं म्हणून ती डोळे पुसून घेई. आता तेवढंही ऐकू येणार नव्हतं.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. "माझी दीक्षा आहे ती."

तव्यावरची पोळी करपू लागली तरी कोणी उलटली नाही. जाहिरात संपून गाणं सुरू झालं.

"अगं, मग आठवडाभर तोंडात पीठ धरलं होतंस का?" सुहासिनीताईंनी विचारलं.

"काय सांगणार? तुम्ही सगळ्या तिला शिव्या घालत होतात."

विमलाबाईंनी पदराला हात पुसले. "जल्मात कधी पोळी लाटलीय का तिनं?"

"एकदा," ललिता म्हणाली. "मांजरानं हुंगून सोडली."

वेणूबाई फिसकन हसली. विमलाबाई हसल्या नाहीत.

"आन बोलती तर अशी, जणू लाटून लाटून खांदे भरून आलेत," त्या म्हणाल्या. "लई गुणाची हाय. परत कधी लागंल?"

"दोन गाणी झाली की."

दुसरं गाणं संपत आलं तशा विमलाबाई उठल्या आणि पिठाच्या हातांनीच त्यांनी आवाज वाढवला. पलीकडच्या दुकानदारानं डोकावून पाहिलं.

"आमची पोरगी हाय," त्याला त्या म्हणाल्या. "गप ऐका."

'आई,' दीक्षा म्हणाली, आणि बाकी दोघींचीही लाटणी थांबली. जाहिरात संपेपर्यंत केंद्रात पोळ्या लाटणं खरोखरच बंद होतं.