एका हाताने उघडणारं कॅबिनेट

दिवाकर वैरागडेचा कॉम्प्युटर गेला तो एका मंगळवारी, दुपारचं जेवण आटोपून तो खुर्चीत बसल्याबरोबर. आधी स्क्रीन निळी झाली, मग काळी, आणि मग मशीनच्या पोटातून जळका वास आला. दिवाकरने वाकून वास घेतला. मदरबोर्ड. त्याला हे वासावरून कळायचं, कारण जबलपूरच्या सदर बाजारात वीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. अर्ध्या छावणीत त्याने जोडलेले कॉम्प्युटर होते. फौजी लोक बदली होऊन पार पठाणकोट, जोरहाटला गेले तरी तिथून फोन करत, "वैरागडेजी, पंखा आवाज कर रहा है, क्या करें?"

पण हे दोन्ही हात चालत होते तेव्हाचं.

दोन वर्षांपूर्वी, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, त्याला लकवा झाला. पाय हळूहळू सावरला, काठी घेऊन चालता येऊ लागलं. उजवा हात मात्र कोपरात मुडपून छातीशी राहिला तो राहिलाच. जीभही जड झाली. बोलता यायचं, पण शब्द सावकाश यायचे, आणि लोकांना तेवढी सवड नसायची. त्याचं वाक्य समोरचाच पुरं करायचा, बहुतेक वेळा चुकीचं. ती चूक सुधारायची तर आणखी एक वाक्य बोलावं लागे. मग तो नुसतं "हो, हो" म्हणून सोडून द्यायला शिकला.

बायको, जया, लकव्याच्या पाच वर्षं आधीच वारली होती. मूलबाळ नव्हतं. मागच्या गल्लीतल्या बेबीबाई दोन्ही वेळचा डबा दाराच्या कडीला अडकवून जायच्या. त्यांचं तोंड आठवड्यातून एकदा दिसलं तर दिसलं. उरलेला दिवस कॉम्प्युटरपुढे जायचा. दिवाकर त्यावर बुद्धिबळ खेळायचा, कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांशी. तिथे कोणी त्याचं बोलणं ऐकायला बसलेलं नसायचं. तो चाल करायचा, पलीकडचा चाल करायचा, आणि डाव संपला की पलीकडचा निघून जायचा.

आता तेही बंद झालं.

जबलपूरजवळच्या पाटणहून त्याच्या थोरल्या बहिणीचा, अंजनीताईचा, रविवारी फोन आला. त्याने सांगितलं.

"अच्छा, मग एक लॅपटॉप घेऊन टाक ना," ताई म्हणाली. "माझ्या श्यामसुंदरने मागच्या महिन्यात घेतला. डब्यातून काढला की झालं, चालू. तुला काहून ती जोडाजोडी पाहिजे आता?"

"मला... स्वतः..."

"स्वतः जाऊन आणायला जमणार नाही, हेच ना? श्यामसुंदर आणून देईल. काय तू पण!"

"हो, हो," दिवाकर म्हणाला.

फोन ठेवून त्याने जळक्या मशीनकडे पाहिलं. हे मशीन त्याने बारा वर्षांपूर्वी जोडलं होतं, सगळ्यात शेवटी स्वतःसाठी, रोज रात्री दुकान बंद केल्यावर उरलेल्या वेळात. आताही आपणच जोडायचं, त्याने ठरवलं. डावा हात तर आहे.

मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, वीज पुरवणारा एसएमपीएस हे सगळं त्याने मोबाइलवरून मागवलं. कुरियरवाल्याने चार दिवसांत खोकी दारात आणून ठेवली. कॅबिनेट मात्र त्याने मागवलं नाही. बाकीचे भाग कागदावर वाचून घेता येतात. पण ज्या पेटीत हे सगळं बसवायचं, तिचं झाकण आपल्या एका हाताने निघतं की नाही, हे फोटोत कसं दिसणार?

सोमवारी सकाळी त्याने ऑटो केली आणि मेन रोडवर नव्याने उघडलेल्या मोठ्या दुकानात गेला. आत गारेगार होतं. भिंतभर कॅबिनेटं मांडलेली, सगळ्यांना काचेच्या बाजू, आत जांभळे-हिरवे दिवे फिरणारे. काउंटरवर विनता नावाची मुलगी होती, गळ्यात नावाची पट्टी. तिने हसून विचारलं, "अंकल जी, बेटे के लिए देख रहे हैं?"

"अपने लिए," दिवाकर म्हणाला. एवढं लवकर म्हणता आलं. "खोल के... देखना है."

विनताने एक कॅबिनेट उतरवून काउंटरवर ठेवलं. काचेच्या पाटीचे चारही स्क्रू बोटांनी फिरणारे होते. तीन त्याने सुरेख काढले. चौथा निघाला आणि सबंध काच त्याच्या अंगावर आली. एका हाताने ती जड काच धरायची कुठे? त्याने ती छातीशी दाबली, काठी खाली पडली, विनता धावली, आतून मालक धावला. दोघांनी काच त्याच्या हातातून अलगद काढून घेतली, लहान मुलाच्या हातून सुरी काढून घ्यावी तशी.

"आप तकलीफ मत कीजिए, सर," मालक म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "आप बस पसंद कीजिए. फिट करके, घर पे चालू करके देंगे."

दिवाकरला सांगायचं होतं की, बाबा रे, तुझ्या दुकानात आज जेवढे कॉम्प्युटर आहेत त्याच्या शंभरपट मी जोडले आहेत. वाक्य लांब होतं. "हो," एवढंच तो मराठीत म्हणाला आणि बाहेर आला.

बाहेर ऊन कडक झालं होतं. ऑटोवाले हाका मारत होते. तो कोणाकडे वळला नाही. काठी टेकत टेकत पुढच्या चौकात आला, डावीकडच्या गल्लीत शिरला आणि दोन वर्षं टाळलेल्या दुकानासमोर उभा राहिला.

हे दुकान त्याने आणि रत्नाकरने मिळून काढलं होतं. दोघे जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या शाळेत एका बाकावर बसलेले. दोघांचे आजे विदर्भातून नोकरीला आलेले. लकव्यानंतर दुकान रत्नाकरने एकट्याने चालवायचं, असं ठरलं. दिवाकरच्या वाट्याच्या पैशात त्याने काही कमी केलं नाही. पण तो दवाखान्यात दोनदा येऊन गेला, आणि मग आलाच नाही. घर चालत दहा मिनिटांवर. तरी नाही. दिवाकरने मनाशी लावलेला अर्थ असा की, वाकडं तोंड आणि मुडपलेला हात रत्नाकरला बघवत नसावा. काही लोकांना नाही बघवत. त्याने ते गिळून टाकलं होतं.

रत्नाकर काउंटरमागे पावती लिहीत होता. त्याने मान वर केली आणि उभाच राहिला.

"अरे... ये ना. बस. पंख्याखाली बस."

"कॅबिनेट," दिवाकर म्हणाला.

"कशाला? कोणासाठी?" मग समोरच्या चेहऱ्याकडे पाहून रत्नाकर घाईने म्हणाला, "तुला पाहिजे काय? मी जोडून पाठवतो ना यार. आज संध्याकाळी पाठवतो."

दिवाकरने नकाराची मान हलवली. थांबला. रत्नाकरही थांबला, आणि दिवाकरच्या लक्षात आलं की हा वाक्य पुरं करायला पुढे येत नाही.

"मी... जोडणार. एका हाताने. उघडेल असं... दाखव."

रत्नाकर आत गेला आणि धुळीने भरलेलं मोठं खोकं ओढत घेऊन आला. कोण्या गिऱ्हाइकाने मागवून न नेलेलं मॉड्युलर कॅबिनेट होतं ते. साधं काळं, काच नाही, दिवे नाहीत, पत्रा चांगला जाड. "याचे सगळे भाग सुटे होतात," रत्नाकर म्हणाला. "पाहा तूच."

दिवाकरने ते काउंटरवर आडवं केलं. बाजूची पाटी वर ढकलली की खटक्यातून सुटत होती, अंगावर येत नव्हती. डिस्कचे कप्पे कपाटाच्या ड्रॉवरसारखे बाहेर येत होते. एसएमपीएसचा पिंजरा वेगळा निघत होता, म्हणजे तो टेबलावर ठेवून आवळायचा आणि मग सरकवायचा. एका हाताने धरून दुसऱ्याने स्क्रू पिळायची गरजच नाही. शेवटी त्याने मागची कळ दाबली, आणि मदरबोर्ड बसवायचं सबंध ताट घसरत हातात आलं.

त्याने ते काउंटरवर सपाट ठेवलं. तळहात त्यावरून फिरवला. या ताटावर सगळं जोडता येईल, पोळपाटावर लाटावं तसं. अरुंद पेटीत हात घालायला नको.

मग त्याने सगळं परत बसवलं. परत उघडलं. परत बसवलं. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. एक कप्पा उलटा बसून अडकला तेव्हा रत्नाकरचा हात पुढे आला, आणि तसाच मागे गेला. पाऊण तास गेला. दिवाकरच्या मानेवरून घाम वाहत होता.

"हेच," तो म्हणाला. आणि मग, काही न ठरवता, त्याने विचारलं, "काहून... नाही आलास?"

रत्नाकरने काउंटरवरचं फडकं उचललं, घडी केली, परत उलगडलं.

"तुला ती सकाळ आठवते?"

दिवाकरला आठवत नव्हती. रंगपंचमीची संध्याकाळ आठवत होती, त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत.

"तू दुकानात आला होतास," रत्नाकर म्हणाला. "दहा वाजता. तोंड एका बाजूला गेलं होतं, बोलणं लडखडत होतं. मला वाटलं, कालची भांग उतरली नाही. मी हसलो यार. तुझी नक्कल केली. म्हटलं, घरी जा, झोप. आणि मी पचपेढी भागात मशीन द्यायला निघून गेलो. परत येईपर्यंत दुपार झाली. तू दुकानाच्या मागच्या खोलीत जमिनीवर पडला होतास." त्याने फडकं काउंटरवर ठेवलं. "डॉक्टर म्हणाले, तीन-चार तास आधी आणलं असतं तर हात कदाचित वाचला असता. माझ्यापाशीच म्हणाले. मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या घरी यायचो मी, चौकापर्यंत. तिथून परत जायचो."

पंखा फिरत होता. दिवाकर आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. दोन वर्षं तो समजत होता की या हाताची रत्नाकरला किळस आली. ते वाटणं एका परीने सोपं होतं. आता जे वाटत होतं त्याला नाव नव्हतं. राग होता. आणि नक्कल करणारा रत्नाकर त्याला स्पष्ट दिसत होता, कारण शाळेपासून तो सगळ्यांच्या नकला करायचा आणि सगळ्यात जास्त दिवाकरच हसायचा.

"ऑटो... बोलाव," तो म्हणाला.

पैशाचं बोलणं एका वाक्यात उरकलं. रत्नाकरने खोकं ऑटोत ठेवलं. दिवाकरने त्याच्याकडे पाहिलं नाही.

जोडायला अकरा दिवस लागले. पूर्वी हे काम दोन तासांचं. पहिल्या दिवशी फक्त ताटावर मदरबोर्ड बसला. मेमरीची पट्टी एक टोक दाबून, मग दुसरं टोक दाबून बसवली. बारीक स्क्रू जमिनीवर पडले की ते शोधण्यातच दुपार जाई. वाकणं सोपं नव्हतं. प्रोसेसरवरच्या पंख्याने मात्र रडवलं. त्याला धरणाऱ्या चार खुंट्यांपैकी एक दाबली की समोरची सुटायची. तीन दिवस तेच. मोबाइल शेजारी होता, रत्नाकरचे फोनही दोनदा येऊन गेले होते, त्याने उचलले नव्हते. चौथ्या दिवशी त्याने पंख्यावर जयाचा लोखंडी खलबत्ता ठेवला. वजनाने पंखा जागेवर राहिला आणि चारही खुंट्या एकामागून एक बसल्या. तो मोठ्याने हसला. खोलीत आपलाच आवाज ऐकून गप्प झाला.

बाराव्या दिवशी सकाळी त्याने बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीनवर अक्षरं आली.

त्याने अंजनीताईला फोन लावला. "ताई, चालू... झाला. मी... जोडला."

"आणला का लॅपटॉप? बरं झालं बाप्पा. आता डोळे नको फोडून घेऊ. डबा आला का आज? चलो, इकडे पाहुणे बसून राहिले, मग करते फोन."

मोबाइल हातात धरून तो बसला. या अकरा दिवसांत नेमकं काय घडलं, हे समजेल असा माणूस सबंध जबलपुरात एकच होता. त्या माणसावरचा राग गेला नव्हता. दिवाकरने तरी फोन लावला.

"बोल," रत्नाकर लगेच म्हणाला, आणि थांबून राहिला.

"चालू झाला."

रत्नाकरने कामाचंच विचारलं, "पंख्याच्या खुंट्या? त्या कशा बसवल्यास?"

दिवाकरने सांगितलं. खलबत्ता हा शब्द त्याच्या जिभेला जड गेला, तीनदा अडकला. रत्नाकरने तो पुरा केला नाही.

"येऊ का?"

"आज... नको," दिवाकर म्हणाला. "गुरुवारी."

गुरुवारी दुकानाला सुट्टी असे. रत्नाकर दुपारी चारला आला. चपला काढून दारातच घुटमळला, मग टेबलाजवळ गेला. कॅबिनेटच्या पाठीमागे वाकून पाहिलं, तारा कशा बांधल्या ते पाहिलं. हात लावला नाही. "मस्त बांधल्यास," म्हणाला. चहा दिवाकरने केला. त्या सकाळबद्दल दोघेही बोलले नाहीत. माफ केलं असं दिवाकर म्हणाला नाही, आणि रत्नाकरनेही विचारलं नाही. एक डाव त्याने दिवाकरच्या शेजारी बसून पाहिला. बुद्धिबळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. साडेपाचला उठला.

"पुढच्या गुरुवारी येतो," दारात म्हणाला.

"बघू," दिवाकर म्हणाला.

दार लागलं. आतल्या खोलीत पंख्याची बारीक घरघर तेवढी होती. दोन वर्षं घराची ही शांतता त्याच्या अंगवळणी पडली होती. आज मात्र ती अंगावर आली. स्क्रीनवर कोणीतरी नव्या डावासाठी बोलावत होतं. त्याने तिकडे पाहिलं नाही. तो दोन्ही कप एकेक करून मोरीत घेऊन गेला, आणि बराच वेळ विसळत उभा राहिला.