चव विचारणारा डबा

मी एक जुना अॅल्युमिनियमचा डबा आहे. कडेला पोचा पडलाय, झाकण जरा घट्ट बसतं. मित्रांनो, काशीकाकूंनी मला रेवदंड्याच्या बाजारातून चौलला आणलं, ते मसाला साठवायला नव्हे. लोकांना चव विचारायला!

दर उन्हाळ्यात काकू मिरच्या भाजून मसाला करायच्या. विक्रीच्या पिशव्या भरण्याआधी मूठभर मसाला माझ्यात घालून शेजारच्या शहरबानूचाचींकडे न्यायच्या. चाची लगेच त्याचं मासळीचं कालवण करायच्या आणि बोटावरचा रस्सा चाटत तोंडावर सांगायच्या.

"अगो काशी, धने कुठं गेले? उंदरांनी खाल्ले?"

"तुझ्या जिभेला हाड न्हाय, बानू!"

"म्हणून तर तुझा मसाला खपतो."

दोघी खळखळून हसायच्या. मग काकू घरी येऊन मसाला सुधारायच्या. चाचींचा मुलगा अफान नोकरीसाठी आखातात गेला, तेव्हा त्याच्या बॅगेतही हाच मसाला होता. मला कोण अभिमान वाटला होता!

यंदा काकूंच्या सुनेनं, दिपालीनं, मसाल्याचं इन्स्टाग्रामवर पान काढलं. मोठी हौशी पोर. घरचा मसाला दूरवर जावा, एवढंच तिच्या मनात. तिनं दोन फोटो टाकून विचारलं, "फिका लाल की गडद लाल?" शेकडो लोकांनी गडदवर बोट ठेवलं. मग तो रंग यावा म्हणून मिरच्या जास्त भाजल्या.

"बानूला चाखवून येते," काकू म्हणाल्या.

"आई, एवढ्या लोकांनी सांगितलंय की! आता एका घरी काय विचारायचं?"

काकूंनी मला परत फळीवर ठेवलं. मग मला लख्ख घासून, माझ्यातून मसाला ओततानाचा व्हिडिओ झाला. त्याखाली पसंतीच्या लाल बदामांचा नुसता पाऊस! पण बदाम देणाऱ्या एकानंही तो मसाला चाखला नव्हता.

एक पिशवी मित्राबरोबर अफानकडे पोचली. त्यानं व्हिडिओखाली लिहिलं, "काकी, मसाला कडू लागतोय. मिरची करपली काय?"

दिपाली घाबरली. लोक वाचतील, नाव जाईल, म्हणून तिनं ते पुसून टाकलं. त्यानं पुन्हा लिहिलं, तर त्याला ब्लॉकच केलं. वर लिहिलं, "आमचे सगळे ग्राहक समाधानी!" अफाननं ते आईला फोनवर सांगितलं.

काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरच्या कालवणाचा घास कडू लागला, तेव्हा त्यांनी विचारलं आणि दिपालीनं रडत रडत सगळं सांगितलं. मसाला नव्यानं केला. दोघी मला घेऊन चाचींकडे गेल्या.

"चाची, माझं चुकलं."

"असू दे, पोरी."

चाचींनी कालवण केलं, चमच्यानं चाखलं. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"सांग गो, काय कमी हाय?"

"काय न्हाय. छान आहे."

"मीठ? धने?"

"छान आहे, काशी," चाची पुन्हा म्हणाल्या आणि पाहुण्यांना द्यावा तसा पाण्याचा पेला पुढे केला.

मित्रांनो, तुमच्या कामाला तोंडावर नावं ठेवणारं एखादं आपलं माणूस असेल, तर त्याला जपा. त्याचं बोलणं पुसून टाकू नका. ते माणूस पुढेही कौतुक करील, पण परक्यासारखं. त्या दिवशी घरी येताना काकूंनी मला छातीशी धरलं होतं. मसाला छान झाला होता, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.