धाकटा सर्व्हर

तिने धाकट्याला पुन्हा एकदा चालू केलं. पंखे घरघरले, दिवा पिवळा झाला आणि पडद्यावर तीच ओळ आली: फार दिवस संपर्क नव्हता, सुरू करता येत नाही.

टेलिफोन कंपनीच्या या खोलीत तीन सर्व्हर होते. थोरला, मधला आणि धाकटा. फोन उचलला नाही की गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या आवाजातला जो निरोप ऐकू येतो, तो तिघेही सांभाळायचे; फोन ज्याच्या वाट्याला येईल तो ऐकवायचा. सकाळी तिघांना बंद करून चालू केलं. दोघे निमूट उठले, हा अडून बसला.

"वायर सैल होती," साहेब म्हणाले. "महिनाभर भावांशी बोलणं नाही, आणि पठ्ठ्या आपला एकटाच फोन घेतोय. दोघांनी जे पुसलं ते याच्याकडे अजून जिवंत. तसाच आत घेतलास तर सगळं परत त्यांच्या गळ्यात घालेल. पुसून काढ, दोघांकडून नव्याने भर."

साहेब चहाला गेले.

पुसलेल्यांत दादाचा नंबर होता. तो गेल्यावर बंद करायचा अर्ज तिनेच दिला होता. आणि महिनाभर आई सांगत होती, "आज दादा बोलला गं. काल नाही बोलला. त्याची आपली लहर." आईचं डोकं फिरलंय असंच तिने धरून टाकलं होतं. डॉक्टरची वेळसुद्धा घेतली होती. आता तिला स्वतःची लाज वाटली.

तपासणीपुरतं ऐकायची मुभा होती, बाहेर न्यायची नव्हती. मोबाईलही दाराशी ट्रेमध्ये ठेवावे लागत. तिने हेडफोन लावला.

"मी कामात आहे. आई, तू असशील तर जेवून घे. माझी वाट बघू नकोस."

तिने पुन्हा ऐकलं. मग पुन्हा.

अडवणूक टाळायला संगणकाला एका ओळीची आज्ञा पुरली असती. दादा परत आला असता, आणि त्याच्यासोबत बाकीचेही. एका बाईने हातापाया पडून गेलेल्या नवऱ्याचा आवाज पुसून घेतला होता; तिची पोर दिवसभर तोच नंबर लावत बसायची. तरी तिने पडद्यावर ती ओळ लिहिली, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग खोडली आणि धाकट्याला पुसायला घेतलं.

दुपारी दिवा हिरवा झाला. थोड्या वेळाने टेबलावरचा फोन वाजला.

"आज कितीदाही लावला तरी दादाचा नंबर अस्तित्वात नाही म्हणतायत गं," आई म्हणाली. "तुमच्याकडे काही बिघडलंय का?"

"बिघडलं होतं. नीट केलं."

तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"जेवलीस?"

"त्याला फोन लावून मगच बसते ना मी."

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आई, तू असशील तर जेवून घे. माझी वाट बघू नकोस."

"म्हणजे तूही ऐकलंस," आई म्हणाली.

"ऐकलं."

"मग ते डॉक्टर नकोत आता."

आणि ताट पुढे ओढल्याचा आवाज आला.