रडणारी ज्युरी

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लोवेरी गावानं आयझम ग्रेडीला फाशी दिली एकोणीसशे चौतीस साली, आणि त्याच्यासाठी रडायला सुरुवात केली त्यानंतर तब्बल सत्तर वर्षांनी. मधल्या काळात कुणाला सवड नव्हती म्हणा. कापडगिरणी चालू होती, हाताला काम होतं. पुढे गिरणीला टाळं लागलं, चौकातली दुकानं एकेक करत बंद पडली, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की अरे, आपल्याकडे विकण्यासारखं अजून एक आहे की! एक अन्याय आहे. चांगला जुना, कागदोपत्री सिद्ध झालेला, आणि ज्यातले गुन्हेगार सगळे मरून गेलेत असा.

मग काय विचारता! जुन्या कोर्टाच्या इमारतीला रंग लागला, तिचं संग्रहालय झालं, आणि दर एप्रिलमध्ये शनिवारी दुपारी तिथं आयझमच्या खटल्याचं नाटक होऊ लागलं. खटला खरोखर चालला होता त्याच खोलीत, त्याच पंख्यांखाली. आयझम हा काळा मजूर, कापसाची जिनिंग गिरणी जाळल्याचा त्याच्यावर खोटा आळ, निकाल द्यायला बारा गोऱ्या पुरुषांची ज्युरी, दोषी, फाशी. बघायला उत्तरेतल्या ओहायो-मिशिगनहून बसगाड्या भरभरून येतात. हिरवळीवर उकडलेल्या शेंगा आणि गोड चहा मिळतो. ‘मी ज्युरीत होतो’ असं छापलेले टीशर्ट मिळतात. लहान मुलांच्या मापाचेसुद्धा.

पहिल्या वर्षापासून आयझमचं काम करतो ओझेल टार्व्हर. एरवी तो कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला. उंच, सावकाश चालणारा, हातांना कारखान्यातल्या थंडीनं कायमच्या भेगा पडलेल्या. नट वगैरे तो नव्हे. चर्चमध्ये गायचा, तिथं नाटकवाल्या लॉरीनबाईंनी त्याला ऐकलं आणि उचललं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून ‘मी त्या रात्री घरी होतो, माझ्या बायकोजवळ होतो’ असं म्हणताना त्याला रडू यायचं ते खरंच यायचं. त्याच्या आज्यानं आयझमला पाहिलं होतं. घरात ती गोष्ट कधी मोठ्यानं सांगितली गेली नव्हती, हळू आवाजातच.

आणि ज्युरी? ती प्रेक्षकांतून निवडतात. लॉरीनबाई हिरवळीवर उभ्या राहून नावं पुकारतात, आणि फक्त गोऱ्या पुरुषांचीच. “इतिहासाशी प्रामाणिक राहायला हवं ना!” असं म्हणून त्या गोड हसतात. ज्युरीचा प्रमुख मात्र बाहेरचा नसतो. निकाल मोठ्यानं वाचायचा असतो, पाहुणा अडखळला तर रंग जातो. म्हणून ते काम गावातल्या वेंडेल होकंबचं. चौकातलं खिळे-हातोड्यांचं दुकान त्याचंच. हा वेंडेल दर वर्षी ‘दोषी’ हा शब्द उच्चारताना ढसाढसा रडतो. खोटं नाही हो, अगदी रुमाल भिजेपर्यंत. नाटक संपलं की ओझेलला मिठी मारतो आणि म्हणतो, “ओझेल, दर वेळी काळजाचं पाणी करतोस बघ माझ्या.” आणि ओझेल म्हणतो, “तुमची कृपा, मिस्टर होकंब.” वेंडेल वयानं लहान आहे ओझेलपेक्षा. पण तो ‘ओझेल’ आणि हे ‘मिस्टर होकंब’, हे नाटकाच्या संहितेत नाही, गावाच्याच संहितेत आहे.

ओझेलचा मुलगा जव्हॉन तेव्हा लहान होता. नाटक संपेपर्यंत मागच्या बाजूला गाडीत बसून राहायचा आणि बाप आला की पहिला प्रश्न ठरलेला.

“डॅडी, रडले का लोक?”

“रडले की.”

“सगळे?”

“सगळे.”

“मग तुला फाशी का देतात?”

ओझेल हसायचा. “तसंच लिहिलंय रे बाळा नाटकात.”

तो जव्हॉन आता बावीस वर्षांचा झाला होता आणि गेल्या ऑक्टोबरपासून तुरुंगात होता. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात कुणीतरी पिस्तूल दाखवून गल्ला लुटला. काळा पोरगा होता, डोक्यावर टोपी होती, एवढं दुकानातल्या बाईनं सांगितलं. पोलिसांनी तिच्यासमोर सहा फोटो ठेवले. तिनं जव्हॉनवर बोट ठेवलं. झालं. जव्हॉन त्या संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरात, सिंकखाली उताणा पडून गळका पाइप बसवत होता आणि ओझेल त्याच्या तोंडाशी टॉर्च धरून उभा होता. व्हर्नेल, म्हणजे ओझेलची बायको, चर्चच्या सभेला गेली होती. बघणारा एकटा बाप.

सरकारनं दिलेली वकील मुलगी, मिस ॲबर्नेथी, भली होती पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन फिरायची. ती सरळ म्हणाली, “मिस्टर टार्व्हर, सरकारी वकील सौदा द्यायला तयार आहे. छोटा गुन्हा कबूल करायचा, तीन वर्षं. खटला लढलो आणि हरलो तर पिस्तुलामुळे वीसच्या खाली काही नाही.”

“पण त्यानं केलेलंच नाही ना!”

“मला माहीत आहे. न केलेलं कबूल करणारे माझ्याकडे रोज येतात.”

जव्हॉन काचेपलीकडून बापाकडे बघत होता. “डॅडी, तू सांग. तू म्हणशील तसं.”

व्हर्नेल घरी येताना गाडीत म्हणाली, “घे ती तीन वर्षं. पोरगं पंचविसाव्या वर्षी घरी येईल. मी त्याला जेवू घालीन. एवढं मला पुरे आहे.”

“न केलेल्या चोरीचा शिक्का घेऊन?”

“जिवंत तर येईल!”

“व्हर्नेल, ही माणसं ओळखतात मला. इतकी वर्षं तोच पिंजरा, तीच गोष्ट, घरी होतो म्हणणारा माणूस. त्यांना पाठ आहे ती. पुन्हा तीच चूक ते डोळ्यांदेखत करतील?”

व्हर्नेल म्हणाली, “तिकीट काढून रडणाऱ्यांवर तू पोरगं उधळायला निघालास, ओझेल.”

त्यानं ऐकलं नाही. जव्हॉनला सांगितलं, लढ.

खटला एप्रिलच्या सुरुवातीला उभा राहिला, हिरवळीच्या पलीकडच्या नव्या कोर्टात. सरकारी वकील क्लेटन रिग्ज. निवडणुकीचं वर्ष. ‘गुन्हेगारांची गय नाही’ अशा त्याच्या पाट्या गावातल्या निम्म्या अंगणांत रोवलेल्या. ज्युरी निवडताना दोन्ही वकिलांना काही नावं वगळता येतात; रिग्जनं काळी माणसं एकामागून एक वगळली. एकाला म्हणे झोप येत होती, एकीचा भाचा कधी काळी अटक झाला होता, एकानं हाताची घडी घातली होती! कारण काहीही चालतं, कातडीचं तेवढं तोंडानं म्हणायचं नाही. काळ्यांपैकी एक म्हातारी उरली. तेवढ्यात वेंडेल होकंबचं नाव आलं. न्यायाधीशानं विचारलं, साक्षीदार ओझेल टार्व्हरला ओळखता का? “गावात कोण कुणाला ओळखत नाही, साहेब?” निःपक्ष राहाल का? “देवाशपथ राहीन.”

ॲबर्नेथी मागे वळून कुजबुजली, “याला मी काढते. दुकानदार माणूस, चोरीच्या बाबतीत असे लोक दगड असतात.”

ओझेलनं तिचा हात धरला. “राहू द्या त्याला. हात जोडतो. वेंडेल होकंब माझ्यासाठी रडलेला माणूस आहे.”

तिनं दुसऱ्याच कुणाला तरी काढलं.

ओझेल पिंजऱ्यात उभा राहिला. टॉर्चची गोष्ट सांगितली. पाइपातून गंजकं पाणी पोराच्या डोळ्यांत उडालं आणि तो ओरडला, मी हसलो, तो म्हणाला, हसू नको, उजेड नीट धर. एवढं सांगताना त्याला रडू फुटलं. कसं फुटणार नाही? समोर तोच पोरगा उसना कोट घालून बसला होता. ओझेलनं ज्युरीकडे पाहिलं. वेंडेलचे डोळे मऊ दिसत होते. ओझेलला वाटलं, पोचलं. देवा, पोचलं.

मग रिग्ज उठला. अगदी सावकाश, हसतमुख.

“ओझेल, किती वर्षं झाली तुला त्या पलीकडच्या पिंजऱ्यात रडायला लागून?”

ॲबर्नेथी उडी मारून उठली, हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाला, चालू द्या.

“एकोणीस, साहेब.”

“मी दर वर्षी येतो. बायकोला घेऊन. दर वर्षी आम्ही दोघं रडतो.” ज्युरीत कुणीतरी हसलं. प्रेमानंच हसलं. “तिथं तू काय म्हणतोस? ‘मी त्या रात्री घरी होतो.’ बरोबर ना?”

“तिथं म्हणतो, साहेब. पण ते—”

“आणि आज इथंही तेच म्हणालास. फार सुंदर म्हणालास. एवढंच विचारायचं होतं.”

ओझेल पिंजऱ्यात उभाच राहिला. डोळ्यांतलं पाणी पुसावं की राहू द्यावं, तेच त्याला कळेना. पुसलं तरी नाटक दिसणार होतं आणि नाही पुसलं तरी नाटकच. शिपायानं खाली उतरायला सांगितलं तेव्हा उतरला.

ज्युरीनं जेवण घेतलं, आणि जेवणानंतर अर्ध्या तासात निकाल आणला. त्या एकट्या म्हातारीनंही शेवटी मान तुकवली होती, ती मान वर करून बघत नव्हती. प्रमुख अर्थातच वेंडेल. वाचायची सवय होती ना! ‘दोषी’ म्हणाला. स्वच्छ, खणखणीत आवाजात. या वेळी रुमाल काढला नाही.

शुक्रवारी लॉरीनबाईंचा फोन. “ओझेल, मला कळतंय रे तुझं. आमची प्रार्थना आहेच. पण उद्या चार बस येताहेत, आणि तुझ्याशिवाय आयझम कोण करणार?”

“येतो,” ओझेल म्हणाला.

व्हर्नेलनं हातातलं फडकं सिंकमध्ये आपटलं. “जाणार? त्यांच्यापुढं नाचायला?”

“सांगायचंय त्यांना. तिथं वेंडेलला उठून जाता येत नाही.”

“अरे, कोर्टात शपथेवर सांगितलंस ते नाही ऐकलं! आणि नाटकात ऐकतील?”

तरी ओझेल गेला.

खोली खच्चून भरलेली. नाटक नेहमीसारखं चाललं. वेंडेल उठला, ‘दोषी’ म्हणाला आणि रडला. न्यायाधीशाचं काम करणाऱ्या दंतवैद्यानं विचारलं, “आयझम ग्रेडी, तुला काही सांगायचंय?” इथं आयझमचं भाषण आहे, तुमच्या शेतातला कापूस माझ्या हातांनी वेचला वगैरे. लोक त्याच्यासाठीच येतात.

ओझेल ते सोडून ज्युरीकडे वळला.

“माझं नाव आयझम नाही. मी ओझेल टार्व्हर. माझा मुलगा जव्हॉन. बुधवारी, त्या समोरच्या इमारतीत, तू त्याला दोषी म्हणालास, वेंडेल. मिस्टर होकंब नाही, वेंडेल. तू. माझं पोरगं सिंकखाली पडलं होतं आणि टॉर्च माझ्या हातात होता. या हातात. मेलेल्या आयझमसाठी तुला रुमाल पुरत नाही. माझा जिवंत पोरगा समोर बसला होता, तेव्हा कुठं होता तुझा रुमाल? लाज वाटते का रे तुला? कुणालाच वाटते का?”

मग कठड्यावर डोकं टेकून तो रडला, हुंदके देऊन, वेडावाकडा, नाक गळेपर्यंत.

मागच्या रांगेत एक बाई मुसमुसायला लागली. मग दुसरी. ओहायोची, मिशिगनची, गावातली, सगळी. फोन वर झाले, चित्रण सुरू झालं. कुणीतरी उभं राहून टाळी वाजवली आणि पाहता पाहता अख्खी खोली उभी राहिली. टाळ्या थांबेनात. एक पाहुणा शेजारणीला म्हणत होता, “आजच्या काळाशी काय जोडलंय बघ! लिहिणाऱ्याला मानलं पाहिजे.”

पडद्यामागे लॉरीनबाई धापा टाकत आल्या. डोळे सुजलेले. “मला आधी सांगायचं होतंस, मी घाबरलेच! पण ओझेल... हे ठेवूया. पुढच्या शनिवारी पण असंच.”

त्यांच्या मागे वेंडेल उभा होता. चेहरा लालबुंद, रुमाल चिंब. गावासमोर ‘तू’ ऐकलेला माणूस, पण रागावला नव्हता. त्यानं ओझेलच्या खांद्यावर हात ठेवला.

“दुःखात माणूस बोलतो. मी मनावर नाही घेत,” तो म्हणाला. “पण ओझेल, राग मानू नकोस, तूच बघ ना. बुधवारीसुद्धा तू असाच रडला होतास. अगदी अस्साच. मग आम्ही काय समजायचं?”

ओझेलनं तो हात खांद्यावरून खाली केला. अंगातला आयझमचा फाटका सदरा काढून खुर्चीवर टाकला आणि बनियनवरच बाहेर पडला. हिरवळीवर टीशर्टसाठी रांग लागली होती.

रविवारी चर्चनंतर तुरुंगातून फोन आला. व्हर्नेल बोलली, मग फोन ओझेलकडे देऊन खोलीतून निघून गेली. हे संभाषण नोंदवलं जात आहे, असं यंत्र म्हणालं. मग जव्हॉनचा आवाज.

“डॅडी, काल नाटक केलंस म्हणे. इथल्या एका शिपायाच्या फोनवर आलंय. लाखभर लोकांनी पाहिलं.”

“हं.”

“रडले का लोक?”

ओझेलनं सिंकखालच्या त्या नव्या पाइपाकडे पाहिलं. एक थेंब गळत नव्हता. पक्कं काम केलं होतं पोरानं.

“रडले.”

“सगळे?”

“सगळे.”

लहानपणीचा तिसरा प्रश्न येईल म्हणून ओझेल फोन घट्ट धरून उभा राहिला. पण जव्हॉननं तो विचारला नाही.